घाडीकाकांचं हेल्मेट

घाडीकाका रिक्षात हेल्मेट घालून बसतात. त्यांच्याकडे स्कूटर नाही, कधीच नव्हती. हेल्मेट मात्र आहे, चांगलं पिवळंधमक, मागे चमकती पट्टी असलेलं. मुलुंड स्टेशनला जायचं असो की मार्केटला, रिक्षा थांबली की काका आधी हेल्मेट चढवतात, हनुवटीखालचा पट्टा टक करून लावतात, आणि मगच आत पाय ठेवतात.

रिक्षावाले चिडतात. एकदा मीही सोबत होते, तेव्हा एक जण म्हणाला, "क्या चाचा, मेरे चलाने पे भरोसा नहीं क्या?"

"तेरे पे पूरा है रे. खड्डे पे नहीं है," काका म्हणाले. "चल, धीरे ले. ये माल मेरा नहीं है."

त्यानं आरशातून मागे बघितलं. माल कुठे दिसेना. एक म्हातारा, एक हेल्मेट आणि कोपऱ्यात पिशवी धरून अंग चोरून बसलेली मी.

माल म्हणजे काकांचा मेंदू. तो त्यांनी देऊन टाकलाय. मेल्यावर द्यायचा आहे, पण काकांच्या हिशेबी दिला म्हणजे दिला. आता ते फक्त सांभाळायला आहेत.

घाडीकाका आमचे शेजारी. आधी चाळीत भिंतीला भिंत लागून होतो, आता चाळीच्या जागी टॉवर झाला तरी शेजारीच आलो. त्यांचं स्वयंपाकघर आणि माझं स्वयंपाकघर एकाच डक्टवर, म्हणजे बिल्डिंगच्या मधल्या उभ्या पोकळीवर, उघडतं. मी पोळी लाटताना मान वर केली की समोरच्या खिडकीत काका चहा गाळताना दिसतात. पूर्वी काकी दिसायच्या. काकी गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली.

काका पंपांच्या कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होते. प्रत्येक नग हातात घ्यायचा, मापायचा, आणि "ओके" किंवा "रिजेक्ट" म्हणायचं. रिटायर झाले तरी ती सवय गेली नाही. माझ्या हातची आमटी ओके असते. समोरच्या वाण्याचे पापड रिजेक्ट. आमचे हे एकदा मिशी काढून आले, तर काका लिफ्टमध्ये त्यांच्याकडे खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "होती तीच ओके होती."

मेंदूचं प्रकरण सुरू झालं ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर. तिथे एक तरुण डॉक्टर मॅडम भाषणाला आल्या होत्या. त्या दवाखान्यातल्या नव्हत्या, संशोधनातल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांना विसर का पडतो, हात का थरथरतात, पायातलं बळ का जातं, ते त्या शोधतात. मी चहाचे कप द्यायला गेले होते म्हणून थोडं कानावर पडलं. मी चौथी शिकलेली, पण मॅडम सोपं बोलत होत्या. म्हणाल्या, विसराच्या आजारात मेंदूत एक प्रकारचा गाळ साचतो. तो का साचतो, ते अजून नीट कळलेलं नाही. जिवंत माणसाच्या डोक्यात तेवढं आतपर्यंत बघता येत नाही. म्हणून कुणी मेल्यावर मेंदू दिला, तर त्याचे पातळ काप करून भिंगाखाली बघतात. मग म्हणाल्या, आजारी मेंदू मिळतात, पण ताडून बघायला धडधाकट म्हाताऱ्या माणसाचा मेंदू मिळत नाही.

सगळा कट्टा आपापल्या कपात बघायला लागला. घाडीकाका उभे राहिले.

"म्हणजे मास्टर पीस पाहिजे."

मॅडमना कळलं नाही. काकांनी सांगितलं की कारखान्यात एक पक्का नग कपाटात जपून ठेवतात आणि बाकीचा माल त्याच्याशी ताडतात. तो नसेल तर बिघाड कशाला म्हणायचं, तेच कळणार नाही. मॅडम म्हणाल्या, "अगदी बरोबर, काका." काका म्हणाले, "मग लिहून घ्या. पाठीच्या कण्यातली दोरी पण घ्या सोबत. सेट फोडायचा नाय."

जवळचा नातेवाईक म्हणून पुतण्याची सही लागली, ती त्यानं कणकवलीहून येऊन केली. तेव्हापासून काका बदलले.

सोसायटीच्या गणपतीत खुर्च्या उचलायला बोलावलं तर म्हणाले, "जमणार नाय. पाठ बुक झालीय." संध्याकाळच्या सासूसुनांच्या मालिका बंद केल्या. "एवढा कचरा आत गेला तर त्यांना साफ करत बसावं लागेल." जेवायला बांगडा दोन तुकड्यांऐवजी चार तुकडे घेऊ लागले. मासा मेंदूला चांगला म्हणतात. तिसरा तुकडा उचलताना मला खिडकीतून सांगायचे, "हे दोन माझे नाय हां. हे संशोधनाचे."

लिफ्ट बंद असली की जिना चढताना दर मजल्याला एक अशी स्टेशनं ओळीनं म्हणतात. कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंड. मुलुंडला बरोबर आमचा मजला येतो. मेंदूला गंज चढू नये म्हणून.

पण सगळ्यात मोठी काळजी वेगळीच. उघडल्यावर आत काय दिसेल?

आमचे सेक्रेटरी मोरे पाण्यावरून सगळ्यांशी भांडतात. एकदा ते काकांवर ओरडत होते आणि काका शांत उभे होते. मोरेंचा दम संपल्यावर काका म्हणाले, "मोरे, मी तुमच्यावर रागावत नाय. उगाच उद्या उघडल्यावर तुमचं नाव निघायचं."

मोरे आठवडाभर काकांशी फार गोड वागले.

मॅडमनी काकांना फोनवर समजावलं होतं की विचार, नावं, असलं काही दिसत नाही, फक्त पेशी दिसतात. काकांनी मान डोलावली आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "ती तसंच सांगणार गो. सगळं दिसतं म्हटलं तर देईल कोण?"

आता मी यात कशी आले ते सांगते. माणूस मेल्यावर मेंदू काही तासांतच न्यावा लागतो, नाहीतर तो कामाचा राहत नाही. काका घरात एकटे. ते गेले हे कुणाला, कधी कळणार? दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. पुतण्या कणकवलीला. म्हणून एके दिवशी काका डक्टपलीकडून म्हणाले, "सुमन, एक काम करशील? मी रोज चहा झाला की सांडशी ग्रीलवर वाजवीन. ठण ठण. वाजली तर मी ओके. नाय वाजली तर तू मॅडमना फोन करायचा."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मला फोनवर बोलता येत नाही. म्हणजे जीभ उचलत नाही. गॅसचा नंबरसुद्धा आमचे हेच लावतात. मी म्हटलं, "काका, खालच्या मजल्यावरच्या पेडणेकरवहिनींना सांगा ना. त्या छान बोलतात."

"तेच तर!" काका म्हणाले. "ती पेडणेकरीण आधी आख्ख्या बिल्डिंगला सांगणार, मग माहेरी कळवणार, मग रडणार, मग फोन. तोवर माल खराब. तू बोलत नाहीस, म्हणून तूच ओके."

मला चावी दिली. नंबर माझ्या फ्रीजच्या दारावर चिकटवला. आणि नियम पाठ करून घेतला. आधी फोन, मग दार, मग रडणं.

मग सुरू झाली प्रॅक्टिस. काका त्यांच्या खिडकीत मॅडम व्हायचे. आवाज बारीक करून विचारायचे, "हॅलो, कोण बोलतंय?"

"मी सुमन."

"काय झालं?"

मी पोळपाट पुसायला लागले.

"अगो, सांग ना काय झालं!"

"काका, असं अभद्र कसं बोलू? सकाळी सकाळी, तुमच्या तोंडावर?"

"मी काका नाय, मॅडम आहे! बोल! मोठ्यानं बोल!"

मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "घाडीकाका वारले!"

डक्टमध्ये आवाज फार घुमतो. खालून वर आठ-दहा खिडक्या उघडल्या. कुणाच्या तरी घरातला कुकर बंद झाला. थोड्याच वेळात पेडणेकरवहिनी पदर तोंडाला लावून जिना चढून आल्या, मागे मोरे, त्यांच्यामागे तुळशीची डहाळी तोडून घेऊन कुणीतरी. काकांनी दार उघडलं.

"अजून नाय," ते म्हणाले. "प्रॅक्टिस चाललीय. सुमनचा आवाज ओके आला."

त्यानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये काकांच्या मरणाचं कुणाला काही वाटेनासं झालं.

रोज सकाळी ठण ठण. मी पोळी तव्यावर टाकायची आणि कान डक्टकडे. वाजलं की पोळी उलटायची. आमचे हे म्हणायचे, "तुझी पोळी काकांच्या भरवशावर भाजते."

त्याच दिवसांत एक झालं. जिना चढताना काका विक्रोळीवरून एकदम भांडुपला गेले. कांजूर राहिलं. मला वाटलं, दम लागला असेल. मी काही बोलले नाही.

मग एका सकाळी ठण ठण आलंच नाही.

पोळी करपली. मी खिडकीत गेले. त्यांच्या काचेवर आतून वाफ धरलेली, पलीकडचं दिसत नव्हतं. मी हाक मारली. "काका! ओ काका!" उत्तर नाही. खालच्या खिडकीत पेडणेकरवहिनी कपडे वाळत घालत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, काकांची सांडशी वाजली नाही."

"प्रॅक्टिस असेल गं," त्या म्हणाल्या आणि चिमटा लावला.

आमचे हे ड्यूटीवर गेलेले. मी फ्रीजसमोर उभी राहिले. आधी फोन, मग दार. नंबर लावला. खरा आवाज आला. बारीक नव्हता, चांगला शांत होता. "हॅलो, कोण बोलतंय?"

"मी सुमन. घाडीकाकांची शेजारीण. काका वारले," मी एका दमात म्हटलं.

मॅडम म्हणाल्या, "सुमनताई, तुम्ही त्यांना बघितलंत का?"

"नाही. आधी फोन, मग दार."

"आपण दार आधी उघडू या हं. मी फोनवर आहे."

एवढ्या दिवसांच्या प्रॅक्टिसमध्ये हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आणि माल तपासणाऱ्या काकांच्याही नाही.

मी चावी लावली. घरात करपल्याचा वास. चहा आटून पातेलं काळं झालेलं, गॅस चालूच. आणि काका ओट्याशी उभे. उजव्या हातात सांडशी. ते सांडशीकडे बघत होते, कारखान्यात नग बघत असतील तसे, उलटी करून, सुलटी करून.

मी गॅस बंद केला.

"सुमन," काका म्हणाले. "ही मी हातात घेतली. पण कित्याक घेतली, ता माका आठवत नाय."

फोनमधून मॅडम विचारत होत्या, "सुमनताई? काका आहेत का?"

"आहेत," मी म्हटलं.

काकांनी फोन मागून घेतला. मला वाटलं, मला रागावतील. पण ते हळूच म्हणाले, "मॅडम, पीस बिघडला तर रिजेक्ट करणार काय?"

मॅडमचा आवाज मलाही ऐकू येत होता. एकदा विसरलं म्हणजे आजारच झाला असं नसतं. तपासून घेऊ. आणि आजार असला तरी तो मेंदूही त्यांना तितकाच हवा असतो, त्याच्यासाठीच तर सगळं चाललंय. मग म्हणाल्या, "पण घाई कुणाला आहे, काका? आधी तुम्ही स्वतः चालत भेटायला या."

काकांनी फोन ठेवला. तोंड काही उजळलं नाही. मी खाली बसून पातेलं घासायला घेतलं. कुणी समोर काम करत असलं की माणसाला बोलायला सोपं जातं.

"शालिनी शेवटी माका ओळखीत नव्हती, तुला ठाऊक आहे," काका म्हणाले. काकींचं नाव त्यांनी घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "विचारायची, मीटर बघायला आलात काय? मी हो म्हणायचो. मीटर बघायचो. मग ती म्हणायची, एवढ्या लांबून आलात, चहा घेऊन जा. रोज मीटर बघायचो गो मी. चहासाठी."

मी घासत राहिले.

"मॅडम सांगते, आत फक्त पेशी दिसतात. दिसू देत. पण मी मनात धरून होतो, उघडतील तेव्हा निदान शालिनी दिसेल. तिला ठेवणारा मी एकटाच. म्हणून तर जपत होतो." त्यांनी सांडशी ओट्यावर ठेवली. "आता मीच विसरलो, तर उघडून त्यांना काय सापडणार?"

मी घासलेल्या पातेल्यात दोन कप पाणी ठेवलं आणि चहा केला. काका चहा प्यायले. म्हणाले, "ओके आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी एक केलं. पोळी टाकायच्या आधी मीच माझी सांडशी आमच्या ग्रीलवर वाजवते. ठण ठण. ती ऐकून काकांना त्यांच्या सांडशीची आठवण होते, मग पलीकडून उत्तर येतं. मोरे म्हणतात, आता सकाळी दोन-दोन घंटा ऐकाव्या लागतात.

आणि काका आता ठण ठण झाल्यावर खिडकीत थांबतात. रोज काकींची एक गोष्ट सांगतात. काकी फणस फोडताना कुणाला जवळ येऊ देत नसत. काकींना पिवळा रंग आवडायचा. लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईत आल्या तेव्हा नळाचं पाणी बघून म्हणाल्या, हे बंद कसं करतात, घाबरायला होतं. मी पोळ्या लाटत ऐकते. मधेच काका विचारतात, "लक्षात राहील ना तुझ्या?" मी मान हलवते. "मग बरं. एक स्पेअर असलेला बरा."

परवा मॅडमकडे तपासायला जायचं होतं. पुतण्या येऊ शकत नव्हता, म्हणून सोबत मी. रिक्षा थांबली. काकांनी पिवळं हेल्मेट चढवलं, टक करून पट्टा लावला. मग पिशवीतून दुसरं हेल्मेट काढलं. नवंकोरं, तेही पिवळं, आणि माझ्यापुढे धरलं.

"काका, मला कशाला?"

"अगो, आता शालिनी तुझ्याकडे पण आहे ना."

गेटवर पेडणेकरवहिनी उभ्या होत्या. मोरे गाडी पुसत होते. रिक्षावाला मान वळवून बघत होता. चार माणसांत मला साधी हाक मारायलाही लाज वाटते.

मी पदर सारखा केला, हेल्मेट घातलं, आणि पट्टा टक करून लावला.

"ओके," काका म्हणाले. "चल रे, धीरे ले."