छप्पन्न पानं फेअर

माझं अक्षर मोत्यासारखं आहे. हे मी नाही म्हणत, आमची अख्खी इमारत म्हणते! शाळा आठवीत सुटली, पण पुढचं सगळं माझं मी शिकले. शिलाई मशीन उघडून परत जोडणं, कॉम्प्युटर, नवऱ्याचे सरकारी अर्ज, सगळं! त्यामुळे लेकीच्या ट्रेनिंगचं मला हसू यायचं. जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करायचं, आणि शेवटचे सहा महिने औषधांच्या कंपनीत उमेदवारी!

"मग पाच वर्षं शिकलीस ते काय पाण्यात गेलं?"

"आई, कॉलेजात बाटलीची आकृती काढली. इथे बाटली धरायला मिळते."

तर शनिवारी ती दोन दिवसांसाठी कॉलेजला गेली. जाताना ट्रेनिंगची वही माझ्या हातात दिली. "सांभाळ हं. खास परवानगी काढून घरी आणलीय. सोमवारी कंपनीतल्या मॅडम हीच तपासणार. नापास झाले तर सहा महिने पहिल्यापासून!"

ती जिना उतरली आणि मी वही उघडली. अगं बाई! वही होती की कोंबडीचं पायपुसणं? जिथे तिथे खोडलेलं! बरं, खोडावं तर नीट गिचमीड करून खोडावं. हिने नुसती एक रेघ मारलेली, खालची चूक साऱ्या जगाला दिसेल अशी! वर शेजारी तारीख आणि सही! चुकीवर सही करणारी ही आमच्या घराण्यातली पहिलीच. हिचे वडील तर अजून चूक कबूल करायला शिकलेले नाहीत.

मी नवी वही आणली आणि बसले. तापमान म्हणे ३६.८, ३७.१, ३६.९. माणसाने एकदा काय ते ठरवावं! मी सरसकट ३७ केलं. एका पानावर लिहिलेलं, "माझ्याकडून बाटलीचं झाकण उघडं राहिलं. पेशींना बुरशी लागली. सगळं फेकून दिलं." हे काय परीक्षकाला दाखवायचं? ते पान मी गाळलं. प्रत्येक पानाखाली मॅडमची सही होती, उताण्या पडलेल्या झुरळासारखी. तीही मी वळणदार करून दिली. सत्तावन्न पानांची झाली छप्पन्न. बोटं सुजली! दोन वह्या राहिल्या की घोळ होतो, म्हणून जुनी ह्यांच्या हाती रद्दीत धाडली.

रविवारी दुपारी लेक आली.

"आई, हे काय?"

"तुझीच वही! फक्त न्हाऊ घातलंय."

तिने एक पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसऱ्याला मटकन खाली बसली.

"मॅडमची सही कोणी केली?"

"मी! आता वाचता तरी येते."

"आई, ह्याला बनावट नोंद म्हणतात! ह्याच्यासाठी कंपनीतून माणसं काढतात! काम करताना लिहिलं तेच खरं, खोडलेलंसुद्धा! जुनी वही कुठाय?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पंख्याकडे पाहिलं.

आम्ही तिघं धावत रद्दीच्या दुकानात. रद्दीवाला शांतपणे म्हणाला, "जाड पुठ्ठ्याची ना ताई? पुठ्ठा काढला, तार काढली. पानं त्या ढिगात."

ढीग ह्यांच्या उंचीचा, आणि हे काही बुटके नाहीत! लेक एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने घुसले. हे ढिगाच्या माथ्यावर.

"अहो, सापडलं का?"

"थांब गं, कोणीतरी शब्दकोडं अर्धवट टाकलंय. 'चार अक्षरी, आगाऊपणा'..."

"बाबा!" लेक किंचाळली.

दोन तासांनी छप्पन्न पानं जमली. सत्तावन्नावं रद्दीवाल्याच्या चहाच्या कपाखाली निघालं. नेमकं तेच, झाकणाचं! "हे एक नाही सापडलं म्हणून सांगू या की," मी हळूच म्हटलं. लेकीने ते बाहीने पुसलं आणि छातीशी धरलं.

सोमवारी मीही तिच्याबरोबर गेले. गुन्हेगाराने हजर राहायला नको? मॅडमनी सगळं ऐकलं, जुन्या पानांची चळत आणि माझी वही शेजारी शेजारी ठेवली.

"अक्षर फार सुरेख आहे हो तुमचं."

मी फुलले.

"पण ह्याच्यावर विसंबून औषध केलं, तर माणसं दगावतील."

मी मिटले.

मॅडमनी ते चहाचा गोल उठलेलं पान उचललं. "झाकण उघडं राहिलेलं कोणी पाहिलं होतं?"

"कोणीच नाही," लेक म्हणाली.

"मग लिहिलंस कशाला?"

"घडलं म्हणून."

मॅडमनी ते पान चळतीत जागच्या जागी ठेवलं. "कॉलेजात सगळ्यांचे प्रयोग बरोबरच येतात," त्या म्हणाल्या. "म्हणून तर इथे पाठवतात. पास आहेस तू."

मी डोळे पुसतेय तोवर त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. "पण झाल्या प्रकाराची नोंद व्हायलाच हवी." लेकीने तिथेच भरला.

घटना: मूळ वही रद्दीत गेली. मूळ कारण: आई. उपाय: आईचं प्रशिक्षण.

आणि माझं प्रशिक्षण झालं हो! कंपनीच्या खोलीत, फळ्यासमोर, चाळीस मिनिटं. शिकवायला कोण, तर जिला मी बोट धरून 'ग' गिरवायला लावला ती! फॉर्मचा शेवटचा रकाना होता: प्रशिक्षणाचा उपयोग झाला का? लेकीने लिहिलं, "सध्या सांगता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे."

"अगं, मॅडम वाचतील ना! नुसतं 'हो' लिही की!" मी तिच्या कानात कुजबुजले.

तिने मान डोलावली, पेन उचललं आणि खाली शेरा लिहिला: "प्रशिक्षण संपल्यावर दुसऱ्याच मिनिटाला प्रशिक्षणार्थीने नोंद बदलण्याची विनंती केली."