बिराजदार सरांची पाचवी माळ

बिराजदार सरांना जेवायला बोलवायचं असेल, तर भाजी थोडी कमी पडली तरी चालेल, पण पंगत मोडून पुन्हा बसवायची तयारी ठेवावी लागते. सर हात धुऊन येतात, दारातच उभे राहतात आणि बसलेल्या रांगेवरून एकदा नजर फिरवतात. मग एखाद्या पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "तुम्ही जरा तिकडं बसा. हे तेज हायत, तुम्ही वायू. शेजारी बसलात तर भडका उडतो." एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामाला असं दोनदा उठवलं. तिसऱ्यांदा मामा उठले ते चपला घालून थेट घरीच निघाले. सर शांतपणे म्हणाले, "म्हटलं नव्हतं, वायू हाय म्हणून?"

सर इथं मुरुमच्या शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच मंडळी काही त्यांच्या डोक्यातून निवृत्त झाली नाहीत. कविता वाचली की सर आधी तिच्यातलं तत्त्व शोधतात, देवळातली मूर्ती पाहिली की तिच्यातही शोधतात, आणि हे दोन्ही नसेल तेव्हा माणसात शोधतात. गल्लीतली पोरं मागून त्यांना 'भूतवाले सर' म्हणतात. आमच्या समोर नवीन राहायला आलेल्या भाडेकरूने हे नाव ऐकून दाराला लिंबू-मिरची टांगली होती. सर रोज त्याच दारावरून जाताना त्याला नमस्कार करायचे आणि तो बिचारा आत पळायचा.

तत्त्व ओळखायची त्यांची रीत म्हणजे चहा. बशीत ओतून फुंकर मारतो तो वायू. चटका बसला तरी एका घोटात संपवतो तो तेज. आणखी अर्धा कप मागतो तो आप. मी तहसील कचेरीत कारकून आहे आणि सरांच्या शेजारी राहतो. ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा बोलण्याच्या नादात माझा चहा निवून गेला. सर म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही पृथ्वी." मला बरं वाटलं. सहनशीलता, क्षमा असं काहीतरी असेल असं वाटलं. बायकोने कारण विचारलं, तर म्हणाले, "ठेवलं तिथं राहतात." ती अजून पाहुण्यांना हे सांगते.

पण सरांचं खरं वेड बघायचं तर नवरात्रात बघावं. घट बसला की सर प्रत्येकाला थांबवून दाखवतात: ही माती, हे पाणी, हा नंदादीप, ज्योत हलवतो तो वारा आणि घटाच्या पोटातली पोकळी ते आकाश. नऊ दिवसांत पाचव्या माळेला गल्लीच्या देवीपुढे सरांचं नाटुकलं व्हायचंच. पाच तत्त्वं आपल्यात थोर कोण म्हणून भांडतात आणि शेवटी आकाश येऊन निवाडा करतं, एवढीच गोष्ट. दरवर्षी तीच गोष्ट, तेच संवाद, तीच माणसं. कारण तत्त्व बदलत नसतं.

पृथ्वी अर्थातच मी. तेज म्हणजे वेल्डिंगचं दुकान असलेले रशीदभाई. स्वभावाने इतका गरीब माणूस की गिऱ्हाईक ओरडलं तर हेच माफी मागतात, पण सर म्हणायचे, ठिणग्यांत बसतो तो तेजच. वायू म्हणजे अंगणवाडीच्या रेखाताई, कारण त्या बोलताना श्वास घेत नाहीत. आणि आप होता लक्ष्मण, जो गावाच्या नळांना पाणी सोडतो. लक्ष्मण निळा पंचा खांद्यावर टाकून "मी जीवन, मी अमृत" म्हणत पुढे आला की बायकांच्या बाजूने आवाज यायचा, "आमच्याकडं कधी सोडतोस ते सांग आधी." एका वर्षी त्याने संवाद सोडून वेळापत्रकच सांगितलं. नाटकात टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच. सर मात्र रुसून बसले.

आकाश होत्या नंदाकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी. यामागेही शास्त्र होतं. प्रत्येक तत्त्वाचा एक गुण असतो आणि आकाशाचा गुण शब्द. सर म्हणायचे, "आमच्या घरात शब्द कुणाकडं हाय, हे काय मी सांगायला पाहिजे व्हय?" काकूंचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे त्या मराठीत बोलत आणि कानडीत रागावत. सरांनी लिहून दिलेलं "हे भूतांनो, अहंकार त्यागा" हे वाक्य त्यांनी कधी म्हटलंच नाही. निळं इरकल नेसून त्या यायच्या, आमच्याकडे बघून "सुम्मनिरी" म्हणायच्या, म्हणजे गप बसा, आणि मग सुरू व्हायच्या. रशीदभाईंच्या पोरीचं लग्न कुठवर आलं, माझ्या बायकोने पापड कसे करपवले, पाणी कुणाच्या दारात आधी येतं, सगळं आकाशाला दिसत असे. पडद्याआडून सर खालच्या आवाजात "ते न्हाय, ते न्हाय" करत राहायचे. गल्ली यायची ती काकूंना ऐकायला. सरांना हे ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असं मला वाटतं.

गेल्या संक्रांतीनंतर काकूंना झटका आला. हळूहळू त्या धरून चालू लागल्या, डावा हात चांगला राहिला, पण बोलणं गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी अर्धांगवायू म्हटलं आणि सर आठ-दहा दिवस रेखाताईंशी नीट बोलले नाहीत. त्या बिचारीला कळेना आपलं काय चुकलं. मला कळलं, पण सांगणार काय.

मला वाईट वाटायचं ते ओट्याचं. रोज संध्याकाळी काकू ओट्यावर बसायच्या आणि अर्धी गल्ली त्यांच्यापुढे थांबायची. आता ओटा रिकामा. एक-दोनदा सरांनी त्यांना बाहेर आणून बसवलं, तर बायका त्यांच्याशी मोठ्यांदा, शब्द तोडून तोडून बोलू लागल्या, जणू त्यांचे कानच गेलेत. काही डोळ्याला पदर लावू लागल्या. काकू उठून आत गेल्या आणि पुन्हा उंबऱ्याबाहेर आल्या नाहीत. सर माझ्याकडे येऊन बसायचे. कप हातात घेऊन नुसते बसायचे. माझा चहा निवतो का, हेही बघायचे नाहीत. एकदा म्हणाले, "भाऊसाहेब, ती लोकांत न्हाय बसली तर राहायची न्हाय हो."

नवरात्र जवळ आलं तसे मंडळाचे लोक सरांकडे गेले, मीही बरोबर होतो. यंदा नाटक राहू द्या, नाहीतर आकाशाचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या, असं त्यांनी भीत भीत सुचवलं. आत पलंगावर काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलेलं मला दारातून दिसत होतं. सर म्हणाले, "नाटक व्हणार. आकाश बदलणार न्हाय." मंडळी गेली आणि सरांनी आम्हा चौघांना तालमीला बोलावलं, तेही त्यांच्याच घरी, पलंगासमोर.

तालमीला सरांनी जाहीर केलं की यंदा कुणीच बोलायचं नाही. पाचही तत्त्वं मुकी. मग त्यांनी आम्हाला चांगलं अर्धा तास व्याख्यान दिलं. खरा अभिनय हाताचा आणि डोळ्याचा असतो, जुनी नर्तकी एका बोटाने नदी दाखवते, संवाद म्हणजे नटाचा आळस. ज्या माणसाने एका शब्दासाठी आम्हाला वर्षानुवर्षं छळलं, तो हे सांगत होता. रशीदभाईंना त्यांचे संवाद आता कुठे पाठ झाले होते. ते फक्त म्हणाले, "बराबर हाय सर, बोलण्यात काय ठेवलंय."

तालीम भयंकर झाली. रेखाताईंना गप्प राहून धाप लागायची. मी पृथ्वी म्हणून उभा होतो, तेवढं मला जमलं. रशीदभाई ज्वाला दाखवायला हात हलवत, ते अंगावरच्या माश्या हाकलल्यासारखे दिसत. दोन-तीन दिवस काकू बघत नव्हत्या, मग बघू लागल्या, मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. एका संध्याकाळी त्या पलंगाला धरून उठल्या, पाय ओढत रशीदभाईंपर्यंत आल्या आणि डाव्या हाताने त्यांचं मनगट धरून वर नेलं, बोटं मोकळी केली, थरथरवली. ज्वाला झाली. सर कपाटात तोंड घालून काहीतरी शोधत राहिले. कपाटात शोधण्यासारखं काही नव्हतं.

पाचव्या माळेला मांडव भरला होता. लक्ष्मण पुढे आला, निळा पंचा झटकला, आणि बायकांच्या बाजूने हूं की चूं नाही. नळाला पाणी येऊन तेव्हा आठवडा होऊन गेला होता, तरी नाही. आम्ही चौघं हातवारे करून भांडलो. मग रेखाताई पडद्याआड गेल्या आणि त्यांच्या खांद्याला धरून काकू आल्या, तेच निळं इरकल. त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी आमच्याकडे अशी काही नजर टाकली की आम्ही भांडणं थांबवून खाली बसलो, नाटकात तसं नसतानाही. डावा हात त्यांनी एकेकाच्या डोक्यावर ठेवला. पडद्याआडून बारीक कुजबुज येत होती. सवयीने सर जुने संवाद म्हणत होते. काकूंनी तिकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. सगळा मांडव हसला, आणि काकूही हसल्या, अर्ध्या चेहऱ्याने.

आरती झाल्यावर सरांनी मला मांडवाच्या खांबाआड ओढलं.

"भाऊसाहेब, खरं सांगा. कुणाला कळलं का हो, तिला बोलता येत न्हाय ते?"

समोर सगळी आमचीच गल्ली बसली होती. दवाखान्यात डबे पोचवणाऱ्या बायका, रिक्षात घालून नेणारी माणसं, सगळी. मी म्हणालो, "न्हाय सर. कुणालाच न्हाय."

ते लगबगीने काकूंकडे गेले. काकू बायकांच्या घोळक्यात खुर्चीवर बसल्या होत्या. सर वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, "कुणाला कळलं न्हाय बघ."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग समोरच्या सगळ्या गल्लीकडे बघितलं आणि त्यांचा हात थोपटून मान डोलावली, खरंच कुणाला कळलं नसल्यासारखी.