चोवीस किड्यांची जबाबदारी

दुपारी साडेतीनला मास्तरांनी डब्याचं झाकण उघडलं. ओल्या मातीवर सूनबाईचे पाळीव किडे छऱ्यांसारखे गोल होऊन निपचित पडले होते.

“अहो, काय घातलंत त्यांना?” बायकोने लांबूनच विचारलं.

“सकाळी उरलेली बटाट्याची भाजी. रोज काय ते गाजराचं साल चावायचं बिचाऱ्यांनी!”

“ती म्हणाली होती ना, मीठ नको, तेल नको?”

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, कुणाचं माप कधी चुकलं नव्हतं. पण लग्न होऊन आलेल्या सुनेने कपाटात किड्यांचा डबा ठेवलाय हे कळल्यावर ते नको ते बोलून गेले होते. ती तीन दिवस खोलीबाहेर आली नव्हती. म्हणून तर या वेळी ती दोन दिवस परगावी निघाली, तेव्हा ते आपण होऊन म्हणाले होते, “डबा माझ्याकडे दे. मी बघतो.” “चोवीस आहेत, बाबा,” असं तिने जाताना सांगितलं होतं.

आणि ती पाच वाजता येणार होती.

मास्तरांनी चहाची गाळणी उचलली.

“माझी गाळणी!”

“नवी आणतो!” त्यांनी गोळी होऊन पडलेला एकेक किडा गाळणीत टाकला, नळाची बारीक धार सोडली, मीठ धुतलं आणि सगळ्यांना टेबलावरच्या फडक्यावर पसरलं. मग श्वास रोखून ते बघत बसले. एका गोळीतून पाय बाहेर आले. मग दुसरीतून.

“जिवंत आहेत गं!” मास्तर ओरडले.

तेवढ्यात बेल वाजली. दूधवाला होता. त्याच्याशी बोलून परत येईपर्यंत फडकं रिकामं झालं होतं.

पुढचा तासभर मास्तर विजेरी घेऊन सरपटत होते. बायको खुर्चीवर उभी राहून दिशा दाखवत होती. “तो बघा, फ्रीजखाली! अहो, तुमच्या कॉलरवर!” पावणेपाचला डब्यात वीस झाले. चार काही केल्या सापडेनात. मास्तरांनी गॅसची शेगडी ओढली, पायपुसणी झटकली, स्वतःचे खिसे उलटे केले. चार नाहीतच.

किल्ली फिरली. सूनबाई दारात. घामाने निथळणारे सासरे, खुर्चीवर सासूबाई.

“मी चुकलो, बाळ,” मास्तर म्हणाले. “खारट भाजी घातली. मग धुतले, मग पळाले. वीस सापडले. चार… कुठेच नाहीत.”

तिने डब्यात बघितलं. बोटाने माती हलवली.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “वीसच होते.”

“म्हणजे?”

“चार किडे एका महिन्यापूर्वीच पळाले. सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही रागावाल म्हणून चोवीसच सांगत राहिले.”

खाली उतरायला निघालेल्या बायकोने पाय पुन्हा वर घेतले. “म्हणजे ते चौघं महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात हिंडतायत?”

मास्तर गुडघ्यांवर हात टेकून उठले, परडीतून एक गाजर घेतलं, सोललं, आणि ओट्याखालच्या अंधारात सालाचे चार तुकडे नीट ओळीने ठेवले.

“बिनमिठाचं आहे,” ते सुनेला म्हणाले.