दोन तालुक्यांचे राखणदार

शाळा सुटून मी घरी आले, हातपाय धुतले आणि दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून पलीकडे बघितलं की मला काही महिने रोज एकच देखावा दिसायचा. शेजारच्या पडवीत कॉम्प्युटर चालू आहे आणि त्याच्यासमोर आमचे भाऊकाका डोळ्यांवर पंचा बांधून बसलेत. पंचा दोनदा गुंडाळून मागे पक्की गाठ मारलेला. चाचपडत एक बोट कीबोर्डवर यायचं, आणि त्यापाठोपाठ दम, "बोल की रे मेल्या! तोंड शिवलंय काय?"

पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं काळीजच हललं. म्हटलं, कलमांवर फवारणी करताना डोळ्यांत औषध गेलं बहुतेक. तशीच धावत गेले. पंच्याची एक बाजू वर झाली, त्याखालून एक डोळा बाहेर आला आणि म्हणाला, "काय झालं गो? एवढ्या धापा का टाकतेस?"

आता ह्यावर काय बोलणार, कपाळ!

भाऊकाका म्हणजे वसंत सुर्वे. सत्तरी ओलांडलेली, अंगात अर्ध्या बाह्यांची बंडी, आणि पावस गावच्या वाटेवर हापूसची थोडी कलमं. आंब्याच्या धंद्यात जन्म गेल्यामुळे जगात दोनच जातीची माणसं असतात असं त्यांचं मत आहे, आंबे राखणारी आणि आंबे चोरणारी. कोण कुठल्या जातीचा ते ओळखायला त्यांच्याकडे एकच प्रश्न असतो, "गाव कुठलं?" पोस्टमन नवा आला, गाव कुठलं? गॅसचा सिलिंडर आला, गाव कुठलं? मी लग्न होऊन ह्या आळीत आले तेव्हा उंबऱ्यावरचं माप ओलांडायला पाय उचलला होता, तर ह्या गृहस्थांनी मला तसंच एका पायावर थांबवलं. "सूनबाई, माहेर कुठलं?" मी म्हटलं, राजापूर. "बरं बरं, ये आत." घर माझ्या सासऱ्यांचं आणि परवानगी ह्यांची!

तर पंच्याचं कारण काकींचे डोळे. शालनकाकींना काचबिंदू झालाय. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली राखायची, आणि तीही हळूहळू कमी होईल. काकी म्हणजे वाचनवेडी बाई. रोज सकाळी पडवीत बसून पहिल्या पानापासून 'खोली भाड्याने देणे' पर्यंत सगळं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायच्या, आणि भाऊकाका समोर सुपारी कातरत, मध्ये मध्ये शेरे मारत ऐकायचे. काकांनी स्वतः वर्तमानपत्र कधी उघडलं नाही. त्याची गरजच पडली नाही. आता काकींना मथळे तेवढे दिसत होते, तेही कागद नाकाला लावला तर. मथळ्याखालची बातमी दिसेना तेव्हा त्या रडल्या नाहीत, पण घरातल्या घरात गप्प झाल्या. आळीत सगळ्यांत जास्त बोलणारी बाई गप्प झाल्यावर आम्हालाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

त्यातच चिपळूणहून लेकीने आपला वापरलेला कॉम्प्युटर पाठवला. मोबाईलही वाचून दाखवतो, पण काकींना त्याची काच आवडेना. "हाताला काही लागतच नाही गो, बोट कुठे ठेवू?" कीबोर्डची बटणं हाताला लागतात. जावयाने पाठवताना आतलं सगळं पुसून टाकलं होतं. म्हणजे नुसतं रिकामं घर, आत बिऱ्हाड नाही. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, हे माझं नशीब. भाऊकाका गडग्यापाशी येऊन उभे राहिले.

"हे बघ, ह्याच्यात असं काय ते घाल की तिचं तिला वाचता आलं पाहिजे. मला हाक मारायला लागता नये. मी कलमांत असेन, देवरूखला असेन, नाहीतर वर गेलेला असेन. माझ्यावाचून अडता कामा नये."

हे शेवटचं वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन. आणि पंच्याचा उलगडा झाला तो असा. जे डोळे बांधून आपल्याला जमतं, तेच काकींना जमेल, असा त्यांचा हिशेब. बरं, चुकीचा म्हणावा तर तसाही नाही.

मी आधी लिनक्स सुचवलं. म्हटलं, फुकट आहे, हलकं आहे, व्हायरसची कटकट कमी.

"ह्याचं गाव कुठलं?"

"ह्याला एक गाव नाही काका. जगभरातली माणसं मिळून बनवतात, मिळूनच दुरुस्त करतात."

मला वाटलं, झालं, संपलं. पण भाऊकाका विचारात पडले. "म्हणजे पऱ्याचं पाणी अडवणाऱ्या बांधासारखं? फुटला की सगळी वाडी जाऊन बांधते, तसं?"

"अगदी तसं."

"मग घाल. गावकीचं काम म्हणजे चांगलंच असणार."

घातलं. आठवडाभर पंचा बांधून काकांनी ते यंत्र असं पिंजून काढलं की माझ्या नववीच्या मुलांना न जमलेल्या गोष्टी त्यांना यायला लागल्या. पण परीक्षक काकी. मी त्यात जो मराठी वाचणारा आवाज बसवला होता तो जरा कोरडा होता. काकींनी डोळे मिटून दोन पानं ऐकली आणि म्हणाल्या, "हा बाबा सगळ्याच बातम्या निधनवार्तेसारख्या वाचतो. परवा आंब्याला भाव चांगला मिळाला म्हणून सांगत होता, तर मला वाटलं आंबा वारला."

भाऊकाकांना वाईट वाटलं. गावकीचं काम परत पाठवायचं म्हणजे काय! पण काकींच्या कानापुढे त्यांचं काही चालेना. मग मी विंडोज बसवलं, वर पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम टाकला आणि त्यात एका बाईचा आवाज लावला. काकींनी ऐकलं, मान डोलावली. "ही बरी वाचते. घाई नाही करत." निकाल लागला. भाऊकाका पंच्याने घाम पुसून म्हणाले, "आता राखण!"

मी समजावलं की विंडोजमध्ये व्हायरसपासून राखण करणारा त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम आतच असतो, तो पुरेसा आहे, वेगळं काही घालू नका. काकांनी मान हलवली. भाऊकाकांनी मान हलवली म्हणजे त्यांना पटलं असं समजायचं नसतं, हे मला एवढ्या वर्षांच्या शेजारानंतर तरी कळायला हवं होतं.

चार दिवसांनी काकींची हाक आली. जाऊन बघते तर यंत्र घरघरतंय, पडदा गोठलाय, आणि ती वाचणारी बाई "आज जिल्ह्यात... आज जिल्ह्यात..." म्हणत अडकून बसलीय. मी उघडून बघितलं. आत दोन अँटिव्हायरस! दोन्ही बाहेरून आणलेले, फुकटातले. दोघंही एकाच वेळी प्रत्येक फाईल तपासतायत, आणि एकाने तर दुसऱ्याच्याच फाइली संशयित म्हणून कोंडून ठेवलेल्या. वर दर पाच मिनिटांनी एकेक चौकट पुढे येऊन उभी राहायची, आमचं मोठं पॅकेज घ्या म्हणून. काकींना ती चौकट दिसायची नाही, आणि ती आली की बाईची वाचा बसायची.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

भाऊकाका अजिबात शरमले नाहीत. उलट मला शिकवायला लागले. "तुला आंब्यातलं कळत नाय. राखणदार एक ठेवला तर तो झोपतो. एकाच गावचे दोन ठेवले तर दोघं मिळून आंबे खातात. माझ्याकडे कायम एक मंडणगडचा आणि एक संगमेश्वरचा. दोघांचं एकमेकांशी पटत नाय, बोलणंसुद्धा वेगळं. तो ह्याच्यावर डोळा ठेवतो, हा त्याच्यावर. आंबा आपोआप राखला जातो. म्हणून मी मुद्दाम बघून घेतले. दोन वेगळ्या देशांचे आहेत!"

बापाशपथ सांगते, हसू आवरता आवरेना. जगात लाखो लोक ही चूक करत असतील, पण दोन तालुक्यांचा नियम लावून करणारा माणूस रत्नागिरीबाहेर मिळायचा नाही.

"अहो, पण इथे ते एकमेकांवरच डोळा ठेवतायत," मी म्हटलं. "आंब्याकडे बघायला कोणी मोकळाच नाही. आणि एक तर काकींच्या वाटेत उभा राहून बोनस मागतोय."

ते बोनसचं त्यांना लागलं. काकींच्या वाटेत! त्यांनी तिथल्या तिथे दोघांनाही हाकलायला लावलं. "राखणदार असा हवा की जो दिसता नये आणि बोलता नये," ते म्हणाले. "तिला कळतासुद्धा कामा नये की कोणी आहे." मग आतलाच राखणदार पुन्हा जागा केला. काकींचं खातं असं ठेवलं की त्यातून नवीन काही बसवता येणार नाही. बसवायचा परवलीचा शब्द वेगळा. तो कुठे लिहून ठेवायचा नाही म्हणून काकांनी काकींकडून पाढ्यासारखा घोकून घेतला. का, तर तेच. माझ्यावाचून अडता कामा नये.

मध्येच एक फोन आला. मी तिथेच होते. पलीकडचा गुळगुळीत आवाजात म्हणाला की तुमच्या कॉम्प्युटरला मोठा व्हायरस लागलाय, आम्ही कंपनीतून बोलतोय. भाऊकाका खुर्चीत सावरून बसले. "हो काय? गाव कुठलं तुमचं?" तो म्हणाला, सर, मी हेड ऑफिसमधून. "ते झालं. पण मूळ गाव? वडील काय करतात? कुळस्वामी कोण?" त्याने सर, सर करत पुन्हा व्हायरस सांगायचा प्रयत्न केला. काकांनी त्याला आजोळ विचारलं. फोन कट! "ज्याला गाव सांगता येत नाय," काका विजयाने म्हणाले, "त्याला कुंपणाच्या आत घ्यायचं नाय." शाळेत मुलांना सायबर सुरक्षा शिकवायला मला आख्खा तास लागतो हो.

ह्या सगळ्यात दिवस गेले आणि एका सकाळी काकी एकट्या बसून, कोणाला हाक न मारता, बटणं चाचपत वर्तमानपत्रापर्यंत पोचल्या. ती बाई पहिल्या पानापासून वाचायला लागली. मी आमच्या स्वयंपाकघरातून ऐकत होते, आणि खोटं कशाला बोलू, कणीक मळता मळता माझे डोळे भरून आले. खिडकीतून दिसलं, भाऊकाका त्यांच्या दारात उभे होते. चपला पायात सरकवल्या आणि आमच्या पडवीत येऊन बसले.

दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्याही. रोज वर्तमानपत्राच्या वेळेला. मी चहा दिला. म्हटलं, "काका, घरी बसून ऐका की."

"नाय गो. मी बाजूला असलो की माझं बोट मध्ये जातं. मग तिला सवय नाय व्हायची. तिचं तिला जमलं पाहिजे." आणि सुपारी कातरायला लागले. कातरत राहिले. समोर ढीग झाला तरी एक खांड तोंडात टाकलं नाही. कान मात्र गडग्यापलीकडे. इथून त्या बाईचं बोलणं ऐकू यायचं, शब्द लागायचे नाहीत. अशी सकाळ ह्या माणसाने जन्मात काढली नसेल. ज्यासाठी एवढी धडपड केली ते झालं होतं, आणि बिचारे पाहुण्यासारखे माझ्या पडवीत बसले होते. मला फार वाईट वाटलं. पण बोलायची सोय नाही.

मग एके दिवशी तो आवाज बंद पडला आणि काकींनी मला हाक मारली. भाऊकाका अर्धवट उठले आणि परत बसले. "तूच जा. मी नाय जायचा."

मी गेले. काकी ऐसपैस बसल्या होत्या. कॉम्प्युटर व्यवस्थित चालू होता, पडद्यावर बातमीही होती. काकींचं बोट स्पीकरच्या गोल बटणावर, आणि ते बटण पार खाली फिरवलेलं.

"काकी, आवाज तुम्हीच बंद केलात?"

"हळू बोल. काय करतायत ते?"

"सुपारी कातरतायत."

"खातात तरी?"

"नाही."

"वाटलंच मला." त्यांनी माझा हात चाचपून धरला. "अगो, ही बाई छान वाचते, तक्रार नाही. पण बातमी संपली की पुढची सुरू करते. मध्ये कोणी म्हणत नाही, 'लबाड आहे मेला!' म्हणून. मला एवढी वर्षं वाटायचं मी ह्यांना वाचून दाखवते. आता कळतं, नुसती बातमी मला कधी नकोच होती."

आणि मग घसा मोकळा करून त्यांनी जी हाक मारली ती थेट मच्छी मार्केटपर्यंत गेली असेल. "अहो, या लवकर! माझ्याच्याने होत नाही!"

चपला न घालता भाऊकाका गडगा चढून आले. होय, चढून. वळसा घालून यायचं त्यांना सुचलंच नाही. "हात लावू नको! कशाला हात लावू नको!" असं म्हणत टेबलाखाली शिरले, सगळ्या वायरी दाबल्या, उपसल्या, परत खोचल्या. इकडे काकींचं बोट बटणावर हळूच वळलं. बाईचा आवाज सुरू झाला. काका टेबलाखालून घामाघूम बाहेर आले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी कॉम्प्युटर शिकवते ह्याची मला लाज वाटावी.

"वायर होती," ते म्हणाले. मग उगाचच पडद्याकडे बघत उभे राहिले. "बसू काय जरा? परत बंद पडलं तर?"

"पडणारच," काकी म्हणाल्या. "रोज पडणार. बसा."