शिखरावरचा डबा

मुलुंडच्या त्या बिनलिफ्टच्या चार मजली इमारतीत धोंडू परबांचा उजवा गुडघा प्रसिद्ध होता. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह सोडायची पाळी आली, की तो हमखास दुखायचा आणि सुलक्षणाबाई मुकाट्याने चार जिने चढायच्या. महिन्यातून एका रविवारी धोंडू त्या गुडघ्याला तेल लावून घ्यायला कांदिवलीच्या वैद्याकडे जात. निदान घरी तसं सांगून जात. प्रत्यक्षात डोंगर चढत.

सोमवारी सकाळी त्यांची मुलगी श्वेता मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, तुझा डबा फेमस झालाय गं. कुठल्यातरी डोंगराच्या टोकावर सापडला म्हणे."

फोटोत फाटका भगवा झेंडा, शेंदूर फासलेला दगड आणि त्याला टेकून ठेवलेला स्टीलचा डबा होता. झाकणावर कोरलेलं नाव स्वच्छ दिसत होतं : सौ. सुलक्षणा धोंडू परब.

धोंडूंना घाम फुटला. काल घरी आल्यावर बॅगेत डबा दिसलाच नव्हता. शिखरही कालचंच वाटत होतं. तसं पाहिलं तर सगळ्याच शिखरांवर झेंडा आणि दगड असतो, पण घाबरलेल्या माणसाला एवढा विचार कुठून सुचणार?

"इतक्या लांब कसा काय गेला?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"माकडाने नेला असेल."

"मुलुंडहून?" श्वेता म्हणाली.

"वैद्य म्हणाले, थोडं चालत जा."

"किती थोडं, पप्पा?"

"चार हजार फूट."

"सरळ?"

"वर," धोंडू म्हणाले आणि मग दोन वर्षांतली अकरा शिखरं धडाधड कबूल करून मोकळे झाले.

"आणि गुडघा?" सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"वर जाताना नाही गं दुखत."

तेवढ्यात श्वेताने पुढचा फोटो उघडला. डब्याचं झाकण काढलेलं होतं आणि आत थेपले होते. परबांच्या घरात आजवर थेपला झाला नव्हता.

"हा दुसऱ्या मजल्यावरच्या भाविकाबेनचा," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मीच नाव घालून एकवीस डबे वाटले ना. तिचा अल्पेश भटकत असतो डोंगरात."

"मग माझा?" धोंडूंनी विचारलं.

"तुमचा कालच बॅगेतून काढून घासला. बॅगेला चिकार कुसळं लागली होती. वैद्याकडे कुसळं कशी लागतात, ते आज विचारणारच होते. तुम्हीच सांगून टाकलंत, बरं झालं." त्यांनी खिळ्यावरची गच्चीची किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली. "उद्यापासून व्हॉल्व्ह तुमच्याकडे."

"अगं, पण उतरताना खरंच दुखतो."

"सावकाश उतरा," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "डबा देते बरोबर."