दानिएल टेलरची घरगुती शाळा

शिक्षण हा राष्ट्राचा पाया आहे, असं मी चौतीस वर्षं व्यासपीठांवरून सांगत आलो. तो पाया प्रत्यक्ष घातला जाताना मात्र एकदाच पाहिला: गोंदियाजवळच्या गोरेगावात, माझ्या शेजारच्या घरी, शिलाई मशीन आणि गॅस सिलिंडर यांच्या मधल्या सात फुटांत. सकाळी साडेसातला दानिएल टेलर कात्रीने स्टीलच्या ग्लासावर आठ टोले देतो, उभं राहून हजेरी घेतो, आणि ‘एली दानिएल’ या नावाला उत्तर आलं नाही तर लाल पेनाने ‘गैरहजर’ लिहितो. अडीच वर्षांचा एली त्या वेळी त्याच्याच पायाला मिठी मारून उभा असतो.

दुसरी विद्यार्थिनी रूथ. एलीची बहीण, वय साडेचार. पट संपला.

मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. म्हणजे दहा-बारा शाळांची तपासणी करायची आणि प्रत्येक शेरेबुकात ‘काम समाधानकारक’ लिहायचं, हे माझं काम होतं. भिंतीपलीकडून टोले आणि हजेरी ऐकू येऊ लागली तेव्हा मला वाटलं, खातं पेन्शनीतही माझा पाठलाग करतं आहे.

गंमत म्हणजे दानिएल शाळांच्याच जिवावर जगतो. तालुक्यातल्या बऱ्याच शाळांचे गणवेश तो शिवतो. एप्रिल लागला की त्याच्या घरात निळ्या आणि खाकी कापडाचे डोंगर उभे राहतात आणि त्यांच्यातून वाट काढत त्याची मुलं जेवायला जातात. आणि हाच माणूस स्वतःच्या मुलांना शाळेत घालत नाही. आमच्या गल्लीने याची कारणं लगेच शोधली. कोणी म्हणालं डोकं फिरलं आहे, कोणी म्हणालं ख्रिश्चन लोकांत असंच असतं. हे कुटुंब दर रविवारी उपासनेला एसटीने गोंदियाला जातं. तिथल्या बाकी सगळ्या ख्रिश्चनांची मुलं तिसऱ्या वर्षीच शाळेत जातात, त्यामुळे दुसरं कारण बाद झालं. पहिलं अजून विचाराधीन आहे.

दानिएलची बायको एस्तर गोंदियाच्या एका दवाखान्यात नर्स आहे. बोलणं इंजेक्शनसारखं, लवकर आटोपतं, पण लागतं. तिने माझ्याकडे बोट दाखवत नवऱ्याला एक वर्षाची मुदत दिली होती. “मे महिन्यात काकाजी पोरीले तपासतीन. मागं पडली दिसली, तं जूनमदी नाव शाळेत. मंग रडायचं नाई.” शेवटचं वाक्य मुलीसाठी नव्हतं.

त्या दिवसापासून दानिएलची झोप गेली आणि माझीही थोडी कमी झाली, कारण तो शंका घेऊन कधीही येई. घरात शिकवणं कायद्यात बसतं का? मी सांगितलं की सहा वर्षांखालच्या मुलाच्या मागे कोणताच कायदा लागत नाही. त्याने ते लिहून मागितलं. मी लिहून दिलं. मग त्याला वाटलं की निवृत्त माणसाचं लिहिलेलं चालतं की नाही, हेही कोणाला तरी विचारायला हवं.

“प्रभूची योजना हाये जी गुरुजी,” तो म्हणे, “पन रजिस्टर पक्कं पायजे.” प्रभूवर त्याचा विश्वास पूर्ण होता, अविश्वास होता तो कागद मागणाऱ्या माणसांवर. म्हणून त्याने पाच रजिस्टरं ठेवली होती. आवक-जावक नोंदवहीत वर्षभरात एक विजेचं बिल आणि एक लग्नपत्रिका आवक झाली. जावक काही नाही. त्याने पालक सभाही घेतली. एस्तरने येणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा तो आधी खुर्चीवर बसून मुलांच्या प्रगतीबद्दल बोलला आणि मग सतरंजीवर बसून प्रश्न विचारले. पालक जरा कडक होते, असं मला नंतर म्हणाला.

पाटीही रंगवून घेतली होती: ‘अनुग्रह बालविद्यालय (घरगुती)’. दारावर लावली त्याच संध्याकाळी समोरच्या किराणावाल्याने सहज विचारलं, “काऊन भाऊ, शाळा काढून राहिला का?” दानिएलने रातोरात पाटी उतरवली. गल्लीतली चार पोरं आत डोकावू लागली तेव्हा त्याने दारच लावून घेतलं. आपल्या घरात दुसऱ्यांची लेकरं बसलेली दिसली तर लोक काय काय अर्थ काढतील, याचा त्याने बराच विचार केला होता. आता पाटी आतल्या बाजूला, स्वयंपाकघराकडे तोंड करून लटकते. तिच्याखाली एस्तर कांदे टांगते.

अभ्यासक्रम त्याने स्वतः बसवला. देवाने सहा दिवसांत सृष्टी केली, म्हणून सहा पाठ, एकेका पाठाला एक आठवडा. पाचव्या दिवसाच्या माशांसाठी आठवडी बाजारातल्या मासळीवालीशी बोलणंही झालं होतं. पहिला पाठ उजेड. टॉर्च झाली, मेणबत्ती झाली, छपराच्या भोकातून येणारं ऊन झालं. या पाठाच्या चौथ्या दिवशी रूथने विचारलं की उजेड नव्हता तेव्हा देव कुठे बसला होता, आणि त्याला भीती वाटली नाही का.

शाळा थांबली. दानिएलने गोंदियाला पाळकांना फोन लावला. ते म्हणाले, मोठी झाली की कळेल. तो माझ्याकडे आला तो चिडूनच. “असं तं आमी ढगळ गणवेशाले म्हनतो जी. मोठी झाली का बसते. लेकराले आज काय घालू?” अकरा दिवस पाठ पुढे सरकला नाही. बाराव्या दिवशी त्याने रूथला सांगितलं की त्याला माहीत नाही, आणि टाचणवहीत तारीख घालून लिहिलं: ‘प्रश्न एक. अनुत्तरित.’ चौतीस वर्षांत मी हजारो टाचणवह्या पाहिल्या. अशी नोंद एकीतही नव्हती, पण हे मी त्याला सांगितलं नाही. तो आणखी घाबरला असता.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी तपासणी ठरली. एस्तर तीनला ड्युटीवरून यायची होती. त्याआधी मी माझा शेरा लिहायचा होता. मी गेलो तेव्हा दानिएल कोट घालून उभा होता. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं आणि हा कोट कुठल्याशा नवरदेवाने शिवून घेऊन नेलाच नव्हता. एलीला आमच्या घरी, माझ्या बायकोकडे पाठवलं होतं. रूथ सतरंजीवर, निळ्या पिनाफोरमध्ये, ताठ.

मी लाल बटण दाखवून रंग विचारला. रूथ गप्प. पाच बटणं ठेवून किती म्हणालो. गप्प. पाटीवर ‘क’ काढला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. प्रत्येक उत्तर दानिएलच्या ओठांवर मात्र येत होतं. सातव्या प्रश्नाला त्याच्या कपाळाचा घाम रजिस्टरावर पडला आणि तो चहा आणतो म्हणून पडद्याआड गेला.

पडदा स्थिरावला तशी रूथ सरकून जवळ आली. तुमचे दात निघतात का, म्हणाली. मी इकडे तिकडे पाहून वरची कवळी काढली. तिने ती फ्रॉकने पुसली आणि एकेका दातावर बोट ठेवत न चुकता चौदापर्यंत मोजलं. मग कडेचे दात कोटाच्या बटणाएवढे आणि पुढचे शर्टाच्या, असं सांगितलं. मग रात्री हे कुठे असतात, पाण्यात गार होत नाहीत का, खालचे कुठे गेले. मी कवळीशिवाय जमेल तसं उत्तर देत होतो.

शेवटी मी विचारलं, मघाशी का बोलली नाहीस?

“बाबाले तुमचं भेव लागते,” ती हळूच म्हणाली. “मी बोलली अन् चुकली, तं त्याले रडू येईन. म्हनून बोललीच नाई.”

पडद्याखाली दोन पाय दिसत होते. ते बराच वेळ तिथेच होते.

दानिएल आला तेव्हा कोट अंगावर नव्हता आणि चहावर जाड साय धरली होती. तो मशीनच्या स्टुलावर बसला आणि टेप बोटाला गुंडाळत माझ्याशी नाही, कापडाच्या ढिगाशी बोलल्यासारखं बोलला.

“दरसाल जूनमदी माप घेतो जी. पहिल्या साली लेकरू येते तं किती बोलते. कात्री दे म्हनते, चाक फिरवते. दुसऱ्या साली तेच लेकरू येते. हात वर कर म्हनलं का करते. मी विचारतो, शाळा कशी हाये? तं माय बोलते.”

त्या लेकरांच्या बऱ्याच शाळांना ‘काम समाधानकारक’ मीच लिहिलं होतं.

भेटवही पुढे आली. मी लिहिलं: ‘विद्यार्थिनी चौदापर्यंत मोजते. मोठ्या माणसाला प्रश्न विचारते. त्याच्या मनाचा विचार करते. मागे पडलेली नाही. मुख्याध्यापकांनी कमी घाबरावं.’ सही केली.

एस्तर आली, चप्पल न काढता वही उचलली आणि दोनदा वाचली. दानिएल भिंतीला टेकून उभा होता. तिने वही मिटली, रूथच्या केसांवरून हात फिरवला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “आनखी एक वर्ष. शेवटची ओळ तं मी सांगून सांगून थकली.”

दुसऱ्या दिवशी शाळा बंद होती. मुख्याध्यापकांचं पोट बिघडलं होतं.