प्रगती शून्य

महाळुंग्यात कंपन्यांच्या मागच्या अंगाला एक सरकारी दवाखाना होता. त्याच्या प्रयोगशाळेत आम्रपाली ही एकटीच तंत्रज्ञ. काळेवाडीहून दोन बस बदलून ती यायची, दिवसाला ऐंशी-नव्वद नमुने तपासायची आणि दुखरी मान चोळत परत जायची. चौदा वर्षांनी तिने वरच्या कार्यालयाला नम्र अर्ज केला : काम वाढले आहे, आणखी एक तंत्रज्ञ मिळावा.

अर्जाची तातडीने दखल घेतली गेली, म्हणजे सात महिन्यांत. 'आपणास व्यावसायिक पाठबळाची गरज असल्याचे निदर्शनास आले आहे,' असे उत्तर आले. 'सबब आपणास पाच दिवसांच्या क्षमतावृद्धी प्रशिक्षणास पाठवण्यात येत आहे. आपली क्षमता दुप्पट झाल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञाची आवश्यकता उरणार नाही.'

आम्रपालीने कुलूप लावलं आणि दारावर नियमाप्रमाणे कागद चिकटवला : कर्मचारी प्रशिक्षणास गेल्याने प्रयोगशाळा बंद. प्रशिक्षणाचा विषय : अखंडित सेवा.

ती वळली तर समोर निघोज्याच्या सरूबाई थुंकीची डबी घेऊन उभ्या. तीन आठवडे खोकला हटत नव्हता.

"पुढच्या सोमवारी या, आजी. मी प्रशिक्षणाला चाललेय."

"व्हय, तू जा बाई. पर खोकला थांबंल का तवर?"

प्रशिक्षण चिंचवडच्या एका हॉलमध्ये होतं. सुरुवातीला वीस प्रश्नांची पूर्वचाचणी झाली. आम्रपालीला वीसपैकी वीस मिळाले. पाच दिवस तिने पडद्यावर सूक्ष्मदर्शकाची चित्रं पाहिली. शेवटी तेच वीस प्रश्न पुन्हा आले आणि तिला पुन्हा वीस मिळाले.

समन्वयक सुजित सरांनी तिला बाजूला घेतलं. माणूस सज्जन होता, आवाजात काळजी होती. "मॅडम, तुमची प्रगती शून्य आहे."

"पण सर, मला पैकीच्या पैकी आहेत."

"आधीही तेवढेच होते. पाच दिवसांत तुम्ही काहीच शिकला नाहीत. संगणकावर तुमचं नाव लाल झालंय." आणि त्यांनी तिला दहा दिवसांच्या फेरप्रशिक्षणाचं पत्र दिलं.

फेरप्रशिक्षणातही पूर्वचाचणीत वीस आले. दहाव्या दिवशी मात्र सरूबाईंच्या डबीचा विचार करता करता तिचं एक उत्तर चुकलं. प्रगती उणे एक. प्रशिक्षणाने कर्मचारी बिघडत असल्याचं कार्यालयाच्या इतिहासातलं ते पहिलंच उदाहरण. त्यावर समिती बसली आणि समितीने तीन आठवड्यांचं निवासी मनोबलवर्धन प्रशिक्षण सुचवलं.

तिसऱ्या पूर्वचाचणीला आम्रपाली बराच वेळ कागदाकडे पाहत बसली. मलेरिया कशामुळे होतो? तिने 'शिळ्या अन्नामुळे' यावर खूण केली. क्षयासाठी कोणता नमुना घ्यावा? 'नखांचा.' चौदा वर्षांत तिने एकही खोटा अहवाल लिहिला नव्हता. आज मात्र तिने वीसच्या वीस उत्तरं चुकवली. एकदाचं सुटून प्रयोगशाळेत जायचं होतं. तीन आठवड्यांनी तिने त्याच प्रश्नांची उत्तरं बरोबर लिहिली.

शून्यावरून वीस. संगणकाने प्रगतीच्या रकान्यात 'अगणित' असं लिहिलं. तिचा शाल देऊन सत्कार झाला आणि व्यासपीठावरच कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक जाहीर झाली.

"मग महाळुंग्याचे नमुने कोण तपासणार, सर?"

"मॅडम, आता छोटा विचार करू नका," सुजित सर म्हणाले.

त्या रविवारी आम्रपालीने दवाखान्याच्या डॉक्टर योगिनी मॅडमकडून किल्ली घेतली आणि सरूबाईंना बोलावलं. त्या आल्या तेव्हा त्यांच्या पदराआडून नातही खोकत होती. आम्रपालीने काच तयार केली आणि सूक्ष्मदर्शकात पाहिलं. निळ्यावर लाल काड्या, मोजता येणार नाहीत इतक्या. क्षय होता. दीड-दोन महिने आधी पाहिलं असतं तर तो एवढा नसता.

निदान नोंदवायला गेली तर संगणक म्हणाला, प्रशिक्षकांना नमुने तपासण्याचा अधिकार नाही. निदान नोंदलं गेलं नाही, म्हणजे रोग नाही. रोग नाही, म्हणजे औषध नाही. योगिनी मॅडमनी एकदा काचेतून पाहिलं आणि स्वतःच्या जबाबदारीवर सरूबाईंना गोळ्या सुरू केल्या. नातीलाही तपासायला घेतलं. नोंद नसलेल्या रोगावर उपचार केल्याबद्दल त्यांना पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. शिकवायला आम्रपालीच होती. दोघींनी एकमेकींकडे पाहणं टाळलं.

प्रयोगशाळा मात्र फार दिवस बंद ठेवणं बरं दिसेना. आता ती रोज उघडते. शिपाई नमुना घेतो, नाव टाकतो आणि छापील अहवाल हातात देतो : 'तपासणीत काहीही आढळले नाही.' वाक्य कायद्याने निर्दोष आहे. कोणी पाहिलंच नाही, तर आढळणार काय?

लोक खूश आहेत. रांग नाही, दहा मिनिटांत काम. पूर्वीच्या बाई दोन-दोन दिवस लावायच्या आणि वर रोग शोधून काढायच्या, असं ते बोलूनही दाखवतात. आणि लोक म्हणजे कोणी परके नव्हेत. मागच्या खेपेला 'काहीही आढळले नाही' एवढी ओळ वाचून तुम्हीही कागदाची घडी घातली होतीत. तपासणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती, ती तुम्हाला दिसली होती का?